परदेशात उतरताना: व्हिसा असूनही माणूस कुठे अडतो?

पायवाट

मागच्या महिन्यात आईला घेऊन बालीला निघाले होते. भारतीय पासपोर्टवर इंडोनेशियाचा व्हिसा तिथे उतरल्यावर मिळतो, तिकिटं काढलेली होती, हॉटेल ठरलेलं होतं. चेक-इन काउंटरवरच्या मुलीने आईचा पासपोर्ट उघडला, शेवटची तारीख पाहिली आणि बोटांवर महिने मोजले. चार महिने आणि वर काही दिवस. "यांना विमानात घेता येणार नाही," ती म्हणाली. इंडोनेशियात उतरण्याच्या दिवशी पासपोर्टची किमान ६ महिने मुदत शिल्लक लागते.

नियम मला माहीत नव्हता असंही नाही. माझ्या पासपोर्टची तारीख मी नीट तपासली होती. आईचा मात्र "अजून चालू आहे" एवढंच बघितलं. आई काउंटरवर एक शब्द बोलली नाही. परतताना गाडीत ती सारखी पर्समधून पासपोर्ट काढून ती तारीख बघत होती, आणि ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

त्यानंतर मी बरंच वाचलं. सहा महिन्यांचा नियम सगळीकडे नाही, आणि जिथे आहे तिथे मोजायची पद्धतही एक नाही. सिंगापूर, मलेशिया, इंडोनेशिया ६ महिने मागतात. एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या शेंगेन देशांत तुम्ही तिथून निघायच्या तारखेनंतर ३ महिने मुदत लागते, शिवाय पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला असावा लागतो. अमेरिकेचा नियम सहा महिन्यांचाच आहे, पण भारतासह बऱ्याच देशांशी त्यांचा समझोता आहे. त्यामुळे या देशांच्या नागरिकांचा पासपोर्ट राहण्याच्या काळापुरता वैध असला तरी चालतो.

मुदतीखेरीज आणखी कुठे कुठे माणूस अडतो ते इथे एकत्र करू या. एकच विनंती, देशाचं नाव घेऊन लिहा. "परदेशात असं असतं" याचा कुणालाच उपयोग होत नाही.

भटका७

वाचून वाईट वाटलं. पण मी स्वतः पाच महिने उरलेल्या पासपोर्टवर दोन देश फिरून आलोय. ना काउंटरवर कुणी विचारलं, ना तिकडे. मला वाटतं तुम्हाला नेमकी कडक मुलगी भेटली. दुसऱ्या काउंटरवर गेला असतात तर कदाचित निभावलं असतं.

काउंटरपलीकडून

भटका७, ते दोन देश कोणते ते सांगाल का? सगळं त्यावरच आहे.

मी ११ वर्षं चेक-इनच्या त्याच खुर्चीत बसलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. काउंटरवरचा माणूस स्वतःच्या मनाने काही ठरवत नाही. विमान कंपन्यांची जी जागतिक संघटना आहे, आयाटा, तिची 'टिमॅटिक' नावाची माहितीप्रणाली असते. प्रवाशाचं नागरिकत्व, पासपोर्ट कधी संपतो, कुठे जायचंय, वाटेत कुठे विमान बदलायचंय, एवढं त्यात भरलं की पडद्यावर उत्तर येतं. पायवाट यांच्या आईच्या बाबतीत दुसऱ्या काय, दहाव्या काउंटरवरही तेच उत्तर आलं असतं.

कंपन्या इतक्या काटेकोर का असतात? कागद अपुरे असलेला माणूस तिकडे उतरला आणि त्याला प्रवेश नाकारला गेला, तर त्याला परत आणायची जबाबदारी ज्या विमानाने तो गेला त्या कंपनीची. १९४४च्या शिकागो करारात नागरी विमान वाहतुकीची जी चौकट ठरली, तिच्या नवव्या परिशिष्टात हे सगळं आहे. वर दंड वेगळा. युरोपीय संघाच्या २००१च्या निर्देशानुसार सदस्य देशांनी अशा कंपनीला दर प्रवाशामागे किमान ३,००० युरो दंड करावा, किंवा कमाल दंडाची मर्यादा निदान ५,००० युरो तरी ठेवावी. ब्रिटनमध्ये माणशी २,००० पौंड. त्यामुळे परदेशाचा पहिला दरवाजा तुमच्याच विमानतळावर असतो, आणि तो उघडणाऱ्याला त्या देशाने थेट नेमलेलं नसतं.

याचा तुमच्या बाजूने फायदाही करून घेता येतो. आयाटाच्या ट्रॅव्हल सेंटरच्या संकेतस्थळावर प्रवाशांनाही हीच माहिती पाहता येते. तिकीट काढायच्या आधी पाहा. आणि काउंटरवर अडवलंच तर आवाज चढवू नका. "पडद्यावर नेमकं काय लिहून आलंय ते वाचून दाखवता का?" एवढंच विचारा. कधी कधी भरणाऱ्याचीच चूक झालेली असते, म्हणजे मधला थांबा चुकीचा टाकला, पर्यटन व्हिसाच्या जागी दुसराच प्रकार निवडला, असं. मी स्वतः अशी चूक केली आहे, आणि एका शांत बाईंनी मला पुन्हा वाचायला लावलं म्हणून ती सापडली. वरिष्ठांना बोलवायचा आग्रह धरायलाही हरकत नाही. फक्त त्यासाठी हातात वेळ हवा, म्हणून असला प्रवास असेल तेव्हा तीन तास आधी पोहोचा.

पासपोर्टच्या अवस्थेबद्दलही सांगतो. फोटोच्या पानावर तळाशी दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ अक्षरांच्या. यंत्र त्याच वाचतं. त्यांवर पाण्याचा डाग असेल, पानाचा कोपरा सुटला असेल, शिवण उसवली असेल तर मुदत कितीही असो, अडवणूक होऊ शकते. पर्यटनस्थळी हौसेने मारून देतात ते आठवणीचे शिक्के पासपोर्टवर घेऊ नका, ते वेगळ्या वहीत घ्या. आणि कोरी पानं मोजा. काही देश सलग दोन कोरी पानं मागतात.

सांजवारा

फार उपयोगी धागा. माझा प्रश्न: आम्ही पॅरिस, मग लंडन, मग रोम आणि तिथून परत, असं ठरवलंय. ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढलाय. शेंगेनचा व्हिसा आजच हातात आला, त्यावर प्रवेशसंख्येच्या रकान्यात ०१ असं आहे. याने काही बिघडतं का? तिकिटं काढून झालीत.

टिपकागद

सांजवारा, बिघडतं. लंडनला गेलात की शेंगेन क्षेत्रातून बाहेर पडलात, आणि तुमचा एकमेव प्रवेश तिथेच संपला. रोमला जाताना लागेल तो दुसरा प्रवेश, आणि तो तुमच्याकडे नाही. बहुधा लंडनच्या चेक-इन काउंटरवरच तुम्हाला थांबवतील.

उपाय सोपा आहे, क्रम बदला. पॅरिस, मग रोम, शेवटी लंडन आणि लंडनहूनच परत. किंवा लंडन आधी. तिकीट बदलायला पैसे जातील, पण मधल्या मुक्कामात अडकण्यापेक्षा ते बरं. इथून पुढे कुणी अर्ज करणार असेल तर असा प्रवास अर्जातच दाखवा आणि दोन किंवा अनेक प्रवेश मागा.

कोण शेंगेनमध्ये आहे आणि कोण नाही यावरही लोक फसतात. आयर्लंड युरोपीय संघात आहे, शेंगेनमध्ये नाही. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे संघात नाहीत, पण शेंगेनमध्ये आहेत. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून आत आला. रुमानिया आणि बल्गेरियाच्या जमिनीवरच्या सीमांची तपासणी १ जानेवारी २०२५ पासून उठली. जुन्या प्रवासवर्णनावर विसंबून कुणी मार्ग आखत असेल तर ही नावं आधी ताडून पाहावीत.

पासपोर्टवर चिकटवलेल्या शेंगेन व्हिसावर दोन तारखा आणि एक दिवसांचा आकडा असतो. तारखा म्हणजे खिडकी कधीपासून कधीपर्यंत उघडी आहे ते, आणि आकडा म्हणजे त्या खिडकीत प्रत्यक्ष किती दिवस राहता येईल ते. खिडकी ३० दिवसांची आणि आकडा १५ असेल तर पंधराच दिवस. उतरण्याचा आणि निघण्याचा असे दोन्ही दिवस मोजले जातात.

सांजवारा

तिकीट बदललं. रोमहून लंडन, लंडनहून घर. भुर्दंड पडला, पण आज झोप लागेल. मनापासून आभार.

टिपकागद

वा! आता अनेक-प्रवेशाचा दीर्घ मुदतीचा व्हिसा असलेल्यांसाठी एक हिशेब लिहून ठेवतो, कारण "९० दिवस राहा, बाहेर जा, मग नवे ९० मिळतात" हा समज मी निदान पाच जणांकडून ऐकलाय. तसं होत नाही. नियम असा की कुठल्याही १८० दिवसांत ९०. रोज सकाळी तुम्ही त्या दिवसापासून मागे १८० दिवस मोजायचे आणि त्यांतले शेंगेनमधले दिवस ९०च्या वर गेलेले नसले पाहिजेत.

२०२६चं उदाहरण घ्या. १० जानेवारी ते १० मार्च राहिलात, म्हणजे ६० दिवस. पुन्हा १ जूनला गेलात. मागे १८० दिवस मोजले तर ते डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत पोचतात, म्हणजे आधीचे साठच्या साठ अजून खात्यात आहेत. उरले ३०. ३० जूनला ९० भरतात, त्याच दिवशी बाहेर पडायला हवं. जानेवारीतला पहिला दिवस खात्यातून गळतो तो ९ जुलैला. म्हणजे १ जुलै ते ८ जुलै एकही दिवस तिथे काढता येत नाही. युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावर यासाठी गणकयंत्र आहे, पण एकदा कागदावर मांडून बघा, मग नियम डोक्यात पक्का बसतो.

पूर्वी हे शिक्क्यांवरून हाताने मोजत, कधी एखादा शिक्का पुसट निघे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेऊन ये-जा नोंदवणारी प्रणाली टप्प्याटप्प्याने सुरू झाली. आता एक दिवस जास्त राहिलात तरी संगणक ते दाखवतो.

लांबपल्ला

मला सगळ्यांत मोठा धडा मिळाला तो विमान बदलताना. स्वस्त पडतं म्हणून दोन वेगवेगळी तिकिटं काढली, दोन वेगळ्या कंपन्यांची. मध्ये सहा तास. मला वाटलं, आत बसून राहीन. पण पहिल्या कंपनीने सामान तिथपर्यंतच लावून दिलं होतं. ते पट्ट्यावरून घ्यायचं म्हणजे इमिग्रेशन ओलांडायचं, आणि ओलांडायचं तर त्या देशाचा व्हिसा हवा. माझ्याकडे नव्हता. निघण्याच्या काउंटरवरच हे लक्षात आलं आणि दुसरं तिकीट वाया गेलं.

तिकीट एकच असेल, सामान शेवटच्या मुक्कामापर्यंत लागत असेल, तर बऱ्याच देशांत आतल्या आत विमान बदलता येतं. सगळ्या देशांत नाही. अमेरिकेत तर आतल्या आत बदलणं हा प्रकारच नाही. लॉस एंजेलिसला दोन तास थांबून पुढे जायचं असलं तरी इमिग्रेशनची रांग आहेच, आणि व्हिसाही लागतो. शेंगेनमध्ये फ्रँकफर्टला उतरून रोमला जायचं असेल तर तपासणी फ्रँकफर्टलाच होते, पुढचा प्रवास देशांतर्गत असल्यासारखा धरतात.

आफ्रिकेत जाणाऱ्यांनी पीतज्वराची (यलो फीव्हर) लस घ्यावी, तिचं पिवळं कार्ड लागतं. दर १० वर्षांनी पुन्हा घ्यायची.

मृद्गंध

लांबपल्ला, शेवटचं वाक्य आता जुनं झालं. मी डॉक्टर आहे, माझ्याकडे प्रवासी याच प्रश्नासाठी येतात. ११ जुलै २०१६ पासून पीतज्वराच्या लशीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. कार्डावर १० वर्षांची मुदत छापलेली असली तरीही. पण ते लागू होतं लस टोचल्यानंतर १० दिवसांनी, आणि लोक चुकतात ते इथे. परवा निघायचंय म्हणून आज लस घेणाऱ्याला शरीराचं संरक्षण वेळेत मिळत नाही, आणि कार्डही त्या दिवशी ग्राह्य नसतं.

दुसरं असं की हा नियम तुम्ही कुठे जाताय याइतकाच कुठून येताय याचाही आहे. पीतज्वर असलेल्या देशातून निघून जिथे तो नाही पण पसरू शकतो अशा देशात उतरताना कार्ड मागतात. भारत हा असाच देश आहे. केनियाची सहल करून कार्डाविना परतणाऱ्या भारतीय नागरिकालाही सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. अशा देशातल्या विमानतळावर १२ तासांहून जास्त थांबलात तर तोही मुक्काम कित्येक देश मोजतात.

नऊ महिन्यांखालच्या बाळाला ही लस सहसा देत नाहीत, अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल किंवा प्रतिकारशक्ती फार कमी असेल तरीही नाही. साठीच्या पुढच्यांनी घेण्याआधी डॉक्टरांशी नीट बोलावं. लस घेता येत नसेल तर त्याच कार्डात वैद्यकीय सवलतीची नोंद करून मिळते. ती नाकारायचा अधिकार त्या देशाला असतो, म्हणून आधी दूतावासाकडून लेखी विचारून घ्या.

हज किंवा उमरासाठी सौदी अरेबियात जाणाऱ्यांना मेंदूज्वरावरची मेनिंगोकॉकल लस बंधनकारक आहे, तीही पोहोचण्याच्या किमान १० दिवस आधी.

आता औषधं. यावर जरा जास्त लिहिते, कारण इथे चांगली, सरळ माणसं नकळत गुन्हेगार ठरतात. एका देशात साध्या चिठ्ठीवर मिळणारं औषध दुसऱ्या देशात अमली पदार्थांच्या यादीत असू शकतं. जपानमध्ये ॲम्फेटामिन असलेली औषधं पूर्ण बंद आहेत, डॉक्टरांचं पत्र असलं तरी. एकाग्रतेच्या विकारासाठी काही देशांत ती सर्रास देतात, आणि तिथून जाणारे यात सापडतात. सर्दीच्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असेल तर जपानमध्ये तेही चालत नाही. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि ट्रॅमाडॉल या वेदनाशामकासाठी संयुक्त अरब अमिरातीत आधी परवानगी काढावी लागते, ती तिथल्या सरकारी संकेतस्थळावर मिळते. जपानमध्ये नेहमीची, चिठ्ठीवरची औषधं महिनाभरापुरती नेता येतात. जास्त हवी असतील तर 'युन्यू काकुनिन-शो' नावाचं प्रमाणपत्र आधी मागवायचं.

माझ्या रुग्णांना मी इतकंच करायला सांगते: गोळ्या मूळ पाकिटात ठेवायच्या, डब्यांत सुट्या करायच्या नाहीत. पत्रात औषधाचं व्यापारी नाव नको, मूळ घटकाचं नाव हवं, कारण ब्रँड देशागणिक बदलतो. आणि सगळं हातातल्या पिशवीत.

लांबपल्ला

दुरुस्तीबद्दल आभार. माझं कार्ड २०१२चं आहे, परत टोचून घ्यायला निघालो होतो.

ध्रुवतारा

आमच्याकडे वेगळाच घोळ झाला. वडिलांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा आहे, नाव एकाच शब्दाचं. दुबईला भेटीच्या व्हिसावर जायचं होतं. २१ नोव्हेंबर २०२२ पासून संयुक्त अरब अमिरात एकशब्दी नावाच्या प्रवाशाला पर्यटन किंवा भेटीच्या व्हिसावर घेत नाही. पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचं नाव किंवा कुलनाव असेल तर चालतं असा खुलासा नंतर आला होता, आणि वडिलांच्या पासपोर्टवर ते होतं. तरी आम्ही निघायच्या आधी कंपनीकडून लेखी घेतलं. शक्य असेल तर पासपोर्टच दुरुस्त करून घ्यावा असं मी सांगेन, कारण हा प्रश्न दर प्रवासात नव्याने उभा राहतो. तिकिटावर आडनाव म्हणून काय टाकायचं इथपासून सुरुवात होते.

रानजाई

कागद सगळे बरोबर असूनही सासू-सासऱ्यांना अमेरिकेत उतरल्यावर दोन तास वेगळ्या खोलीत बसवलं होतं. अधिकाऱ्याने विचारलं, किती दिवस राहणार? सासरे म्हणाले, "मुलाने तिकीट काढलंय, त्याला माहीत." कुठे राहणार? "मुलाकडे." पत्ता? तो मुलाच्या फोनमध्ये, आणि मुलगा बाहेर उभा. माणूस आयुष्यभर सगळ्यांचा हिशेब ठेवून होता, पण परक्या भाषेत, इतक्या लांबच्या प्रवासानंतर, उभ्या उभ्या त्यांना ते सुचलं नाही. सासूबाई तर आपलं काहीतरी चुकलंय असं धरून रडायलाच लागल्या.

तेव्हापासून घरातलं कुणी वडीलधारं निघालं की मी एक कागद करून देते. मोठ्या अक्षरात पत्ता, मुलाचा किंवा मुलीचा फोन, परतीची तारीख, आणि का चाललोय ते दोन ओळींत इंग्रजीत. तिथली भाषा येत नसेल तर दुभाषा मागता येतो हेही त्यांना सांगून ठेवते. वेगळ्या खोलीत बसवलं म्हणजे अटक नाही, बऱ्याचदा नुसती जादा चौकशी असते, हेसुद्धा आधीच सांगते. भीती निम्मी कमी होते.

शब्द जपून वापरावे लागतात. आपण सहज म्हणतो, "जरा काम होतं म्हणून आलो." तिथे काम म्हणजे नोकरी. नातवंडाला भेटायला आलोय हे खरंही आहे आणि पुरेसंही. "नातवाला सांभाळायला आलोय" म्हटलं की पर्यटक व्हिसावर घरकाम करायला आले का, असा प्रश्न निघू शकतो. खोटं कधीच बोलू नये, पण आपल्या मनातला अर्थ समोरच्यापर्यंत नीट पोचेल असं बोलावं.

टिपकागद

रानजाई यांच्या मुद्द्याला जोडून सांगतो. अमेरिकेचा १० वर्षांचा व्हिसा म्हणजे १० वर्षं राहायची परवानगी नाही. व्हिसा दारापर्यंत नेतो. आत किती दिवस ते उतरताना अधिकारी ठरवतो आणि आय-९४ या नोंदीत तारीख पडते. भेटीला आलेल्यांना सहसा सहा महिने देतात. ती तारीख संकेतस्थळावर लगेच तपासा. ती ओलांडून १८० दिवसांहून जास्त पण वर्षाहून कमी राहून जो निघतो त्याला ३ वर्षं, आणि वर्ष किंवा त्याहून जास्त राहिलेल्याला १० वर्षं परत प्रवेश नाही.

पूर्वी कुठे प्रवेश किंवा व्हिसा नाकारला गेला असेल तर पुढच्या प्रत्येक अर्जात तो खरा सांगा. नकार हा डाग नव्हे, लपवणं हा डाग आहे. खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर कॅनडा ५ वर्षं दार बंद करतो, ब्रिटन १० वर्षांपर्यंत, आणि अमेरिकेत ते कायमचं आड येऊ शकतं.

लांबपल्ला

सामानाचं कुणी लिहिलं नाही अजून. न्यूझीलंडला जाताना बॅगेत डोंगर चढायचे बूट होते, तळव्यांना वाळलेला चिखल. प्रवेशाच्या घोषणापत्रात "बाहेर वापरलेली पादत्राणं" असा प्रश्न होता, मी हो म्हटलं. त्यांनी बूट नेले, धुऊन आणून दिले, वर धन्यवाद म्हणाले. माझ्या पुढच्या माणसाच्या बॅगेत न सांगितलेलं फळ निघालं, त्याला जागेवर ४०० डॉलर दंड. फळ आणणं हा तितका मोठा गुन्हा नव्हता, न सांगणं हा होता. ऑस्ट्रेलियातही तसंच आहे: खाद्यपदार्थ, बिया, लाकडी किंवा चामड्याची वस्तू, शंका आली की हो वर खूण करायची. फार तर वस्तू काढून घेतील.

रोख रकमेचंही तेच. अमेरिकेत १०,००० डॉलरच्या वर, युरोपीय संघात १०,००० युरो किंवा जास्त असतील तर सांगावं लागतं. नेण्यावर बंदी नाही. आणि अमेरिकेत एकत्र घोषणापत्र भरणाऱ्या कुटुंबाची रक्कम एकत्र धरतात, चौघांत वाटून घेऊन सुटका होत नाही.

केवडा२

मी एकटीच मुलाला घेऊन कॅनडाला चालले आहे, नवरा इथेच. वेगळं काही लागतं का? मुलगा ९ वर्षांचा.

काउंटरपलीकडून

मुलाच्या वडिलांचं सहीचं संमतीपत्र घ्या, शक्यतो नोटरी करून. त्यात प्रवासाच्या तारखा, पत्ता आणि त्यांचा फोन लिहा. जन्मदाखल्याची प्रत जोडा. कॅनडाचं सरकार स्वतःच असं पत्र जवळ ठेवायला सुचवतं. कुणी मागेल किंवा नाही मागणार, पण मुलं पळवून नेण्याचे प्रकार रोखायला ते विचारतात, त्यामुळे त्या प्रश्नाचा राग येऊ देऊ नका. अधिकारी मुलाशी थेट बोलला तर मुलालाच उत्तर देऊ द्या.

भटका७

तुम्ही विचारलंत म्हणून शोधलं. माझे ते दोन देश होते ब्रिटन आणि जपान. दोन्हीकडे राहण्याच्या काळापुरता पासपोर्ट वैध असला की पुरतं. म्हणजे मी नियमातच होतो आणि मला वाटत होतं की कुणी बघत नाही. पायवाट, दुसऱ्या काउंटरवर जायचा माझा सल्ला चुकीचा होता. क्षमस्व.

पायवाट

भटका७, अहो, मनावर घेऊ नका. तुम्ही लिहिलंत म्हणून तर पुढचं सगळं आलं.

आईचा नवा पासपोर्ट काल आला, आणि आम्ही पुन्हा निघतोय. या वेळी सिंगापूरला दोन दिवस आणि मग बाली. तयारी करताना हाती लागलेलं लिहिते. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड, मलेशियाचं डिजिटल कार्ड आणि १ मे २०२५ पासून आलेलं थायलंडचं डिजिटल कार्ड, तिन्ही उतरण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायची असतात आणि तिन्ही फुकट आहेत. शोधयंत्रात मात्र वर येतात ती हुबेहूब दिसणारी खासगी संकेतस्थळं, जी याच अर्जाचे पैसे घेतात. मी एकावर कार्डाचा तपशील भरत होते, पत्ता सरकारी नाही हे ऐन वेळी लक्षात आलं. सिंगापूरचा व्हिसा वेगळा काढलाय, अरायव्हल कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे.

इंडोनेशियाचा ई-व्हिसा घरूनच काढला: ५ लाख रुपिया (तिथलं चलन), ३० दिवस, एकदा वाढवता येतो. बालीची पर्यटक पट्टी वेगळी, दीड लाख रुपिया, ती १४ फेब्रुवारी २०२४ पासून आहे. शिवाय 'ऑल इंडोनेशिया' नावाचं एकत्रित घोषणापत्र.

एक प्रश्न राहिला. विमानाचं तिकीट काढताना मी आईचा जुना पासपोर्ट क्रमांक भरला होता. ई-व्हिसा नव्या क्रमांकावर आहे. तिकीट रद्द करून नवीन काढावं लागेल का?

काउंटरपलीकडून

नाही. तिकीट नावावर असतं. कंपनीच्या संकेतस्थळावर बुकिंग उघडून प्रवाशाच्या तपशिलात नवा क्रमांक आणि नवी मुदत भरा. तिथे जमलं नाही तर काउंटरवर बदलून देतात. ई-व्हिसाचा मात्र क्रमांक अक्षरन् अक्षर जुळायला हवा. शून्य आणि ओ हे इंग्रजी अक्षर यांत गफलत झाली नाही ना, तेवढं छापील प्रतीवर बोट ठेवून वाचा. सिंगापूरचा व्हिसाही नव्याच क्रमांकावर आहे ना?

पायवाट

हो, दोन्ही नव्या क्रमांकावर. आत्ताच आईने चष्मा लावून दोन्ही कागद आणि पासपोर्ट शेजारी ठेवून एकेक अक्षर वाचलं. जुळतंय. मुदत २०३५पर्यंत आहे हे तिने मला तीनदा सांगितलं.